सर्वांत प्रभावी आरपीजी कोणते? चार कसोट्या, बारा मानकरी

खास प्रतिनिधी, उंबरमाळी (ता. शहापूर)

खर्डी सुटल्यानंतर कसाऱ्यापूर्वी एकच थांबा लागतो, तो उंबरमाळीचा. मुंबईच्या उपनगरी रेल्वेची हद्द येथून पुढच्याच स्थानकावर संपते. दूरच्या प्रवासाने कंटाळलेल्या तरुण प्रवाशांच्या हातातील मोबाइलवर या मार्गावर हमखास एखादा खेळ सुरू असतो. खेळ नेमबाजीचा असो, शेतीचा असो वा क्रिकेटचा. त्यात खेळाडूला एक पात्र मिळते, पात्राला 'लेव्हल' असते, प्रत्येक विजयानंतर 'एक्सपी' म्हणजे अनुभवाचे गुण जमा होतात आणि गुण साठले की पात्राची ताकद वाढते. हे सारे आता इतके अंगवळणी पडले आहे, की त्यामागे काही इतिहास असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. प्रत्यक्षात या प्रत्येक कल्पनेचा उगम एकाच घराण्यात सापडतो. ते घराणे म्हणजे रोल-प्लेइंग गेम, थोडक्यात आरपीजी.

या प्रकारातील सर्वाधिक प्रभावी खेळ कोणते, हा जगभरच्या खेळाडूंच्या आवडीचा वादविषय आहे. दर वर्षी नव्या याद्या निघतात आणि दर वर्षी भांडणे होतात. भांडणाचे मुख्य कारण म्हणजे 'आवडते', 'उत्तम', 'लोकप्रिय' आणि 'प्रभावी' या चार भिन्न गोष्टींची सर्रास होणारी गल्लत. या लेखात प्रभाव या एकाच निकषावर बारा खेळांची निवड केली असून, ती कशी केली याचीही कारणे दिली आहेत.

आरपीजी म्हणजे काय?

मराठी माणसाला ही कल्पना समजावून सांगण्यास फारसे प्रयास पडू नयेत. सोंग घेणे हा आपल्या लोकपरंपरेचा गाभा आहे. उंबरमाळीच्या उत्तरेला जव्हार-मोखाड्याच्या डोंगरी पट्ट्यात आदिवासी समाजाच्या बोहाड्यात रात्रभर देवदानवांचे मुखवटे चढवून सोंगे नाचविली जातात. अनेक गावांत विशिष्ट सोंग विशिष्ट घराण्याकडे परंपरेने चालत आलेले असते. तळकोकणातील दशावतारी नटाच्या हाती तर लिखित संहिताही नसते. कथानक ठरलेले असते. संवाद मात्र रंगमंचावर उत्स्फूर्तपणे रचावे लागतात.

अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फाशांनी खेळण्याचा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा त्याचे स्वरूप दशावताराहून फार निराळे नव्हते. एक सूत्रधार कथानक पुढे नेतो, बाकीचे खेळाडू योद्धा, जादूगार, चोर अशी सोंगे घेतात आणि काय बोलायचे, काय करायचे ते आयत्या वेळी ठरवितात. फरक होता तो हिशेबाचा. पात्राचे बळ, बुद्धी, चपळाई यांना आकडे दिले गेले आणि अनुभवानुसार ते आकडे वाढण्याची पद्धत आली. सैनिकी डावपेचांच्या पटावरील खेळांतून ही आकडेमोड आली होती. कथा, सोंग आणि हिशेब या तीन गोष्टी एकत्र आल्या, की आरपीजी होते. आकडेमोड हे संगणकाचे हक्काचे काम असल्याने हा खेळ लवकरच संगणकावर गेला.

निवडीच्या चार कसोट्या

पहिली कसोटी वंशावळीची. त्या खेळातील एखादी कल्पना नंतरच्या खेळांनी उचलली का, आणि ते दाखविता येते का? दुसरी कसोटी सीमोल्लंघनाची. ती कल्पना आरपीजीच्या बाहेर, अन्य प्रकारच्या खेळांत वा खेळांच्याही बाहेर पोहोचली का? तिसरी कसोटी टिकाऊपणाची. पहिले कौतुक ओसरल्यावर, निदान एक दशकानंतरही, ती कल्पना वापरात आहे का? चौथी कसोटी माणसांची. त्या खेळाने नवा खेळाडूवर्ग निर्माण केला का, किंवा खेळणाऱ्यांचे परस्परसंबंध बदलले का?

विक्रीचा आकडा ही कसोटी नाही. पुष्कळ खपलेला खेळ आधीच्यांचे उत्तम संकलन असू शकतो. आणि ज्याची एक प्रतही विकली गेली नाही असा खेळ साऱ्या परंपरेचा मूळपुरुष ठरू शकतो. तसेच साम्य म्हणजे प्रभाव नव्हे. परंपरेने संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटात साप हे दुर्गुणांचे व शिड्या सद्गुणांच्या प्रतीक आहेत. नैतिकतेवर आधारलेला संगणक-खेळ पाहून मोक्षपटाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण एकातून दुसरा निघाला असे म्हणण्यास तेवढे पुरेसे नाही. एका मालिकेतून एकच खेळ घ्यायचा, हा शेवटचा नियम.

बारा मानकरी

१. 'डीएनडी' (१९७५). अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' नावाची शैक्षणिक संगणक-यंत्रणा होती. तिच्यावर विद्यार्थी व कर्मचारी गुपचूप खेळ लिहीत. रस्टी रदरफर्ड यांनी लिहिलेल्या खेळाला 'पीइडिट५' असे रुक्ष नाव राहिले, कारण तो अभ्यासाच्या फाइलींमध्ये दडविलेला होता. व्यवस्थापकांच्या नजरेस पडताच तो पुसला जाई. त्यापासून स्फूर्ती घेऊन गॅरी व्हिसेनहंट आणि रे वूड यांनी 'डीएनडी' लिहिला. भुयाराच्या शेवटी ठेव्याचे रक्षण करणारा बलाढ्य शत्रू त्यात होता. आज ज्याला सारे 'बॉस' म्हणतात, त्याचे हे आद्य रूप. बाजारात कधीही न आलेल्या या खेळांची नोंद न घेतल्यास यादीचा पायाच कच्चा राहतो.

२. 'रोग' (१९८०). मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांनी रचलेल्या या खेळात चित्रे नव्हती. अक्षरे आणि चिन्हे यांतूनच भुयार उभे राही. प्रत्येक डावाला भुयार नवे बने आणि पात्र मेले की पहिल्यापासून प्रारंभ करावा लागे. युनिक्स प्रणालीसोबत तो विद्यापीठांतून पसरला. 'रोगलाइक' हा स्वतंत्र प्रकारच त्याच्या नावाने ओळखला जातो. 'हेडीस' (२०२०) सारखा मारधाडीचा खेळ किंवा 'बलात्रो' (२०२४) सारखा पत्त्यांचा खेळ याच सूत्रावर उभा आहे.

३. 'विझर्ड्री' (१९८१). कॉर्नेल विद्यापीठातील अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांची ही निर्मिती. एका पात्राऐवजी सहा जणांची टोळी सांभाळण्याची पद्धत या खेळाने रूढ केली. मायदेशापेक्षाही जपानमध्ये त्याला अधिक निष्ठावंत चाहते लाभले. मूळ मालिका अमेरिकेत थंडावल्यानंतरही जपानी कंपन्या त्या नावाचे खेळ काढत राहिल्या. प्रभाव जन्मस्थानीच राहतो असे नाही, याचे हे ठळक उदाहरण.

४. 'अल्टिमा ४: क्वेस्ट ऑफ द अवतार' (१९८५). रिचर्ड गॅरियट यांच्या या खेळात मारायला कोणी महाखलनायकच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगी बाणवून 'अवतार' होणे हे उद्दिष्ट. वनौषधी विकणाऱ्या अंध बाईला कमी पैसे देऊन फसविता येते. खेळ त्या क्षणी काहीच बोलत नाही. मात्र त्याची नोंद ठेवतो आणि पुढे हिशेब मागतो. खेळाडूच्या कृतीचा नैतिक परिणाम दाखविणाऱ्या असंख्य खेळांचे मूळ येथे आहे. शिवाय 'अवतार' हा संस्कृत शब्द संगणकाच्या जगात आणणाऱ्या पहिल्या खेळांपैकी हा एक. पुढील वर्षी 'हॅबिटॅट' या ऑनलाइन खेळाने पडद्यावरील आपल्या प्रतिरूपासाठी तोच शब्द वापरला आणि आज तो सर्वतोमुखी आहे.

५. 'ड्रॅगन क्वेस्ट' (१९८६). युजी होरी यांनी 'विझर्ड्री'तील लढाई आणि 'अल्टिमा'तील नकाशा यांचा मेळ घालून, संगणक नसलेल्या घरातील मुलालाही खेळता येईल असा सोपा खेळ निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी रचला. चित्रे अकिरा तोरियामा यांची, संगीत कोइची सुगियामा यांचे. जपानी आरपीजी ही संज्ञा ज्या शैलीसाठी वापरली जाते, तिचा साचा येथे तयार झाला. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनात खेळाडूंच्या संचलनाचा प्रारंभ याच मालिकेच्या धूनने झाला. एखादा खेळ राष्ट्राच्या सांस्कृतिक ठेव्यात जमा झाला, याचा याहून मोठा दाखला कोणता?

६. 'पोकेमॉन रेड' व 'ग्रीन' (१९९६). बालपणी कीटक गोळा करण्याचा छंद असलेल्या सातोशी ताजिरी यांनी तोच आनंद खेळात आणला. दोन आवृत्त्यांपैकी कोणत्याही एकीत सारे प्राणी सापडत नाहीत. संग्रह पूर्ण करायचा तर दुसऱ्या मुलाच्या गेम बॉयला तार जोडून देवाणघेवाण करावीच लागते. एकट्याने खेळायचा प्रकार त्यामुळे शाळेच्या मधल्या सुटीत पोहोचला. भारतात हे नाव प्रथम दूरचित्रवाणीवरील कार्टून मालिकेतून घरोघरी गेले आणि 'पोकेमॉन गो' हा खेळ २०१६ च्या डिसेंबरमध्ये अधिकृतपणे आला.

७. 'डायब्लो' (१९९६-९७). हा खेळ प्रारंभी आळीपाळीने चाली करण्याचा होता. डेव्हिड ब्रेविक यांनी तो बदलून सलग वेगाचा केला. माउसची कळ दाबताच तलवार चालू लागली. 'रोग'च्या घराण्याकडून त्याने यदृच्छेने बनणारी भुयारे घेतली आणि त्यात यदृच्छेने मिळणाऱ्या शस्त्रांची भर घातली. पुढच्या शत्रूकडे कदाचित याहून चांगले काही मिळेल, ही आशा खेळाडूला उठू देत नाही. मोबाइलवरील खेळांत पेटी उघडून नशीब अजमावण्याची जी पद्धत दिसते, तिच्या मागे हेच मानसशास्त्र आहे. प्रभाव नेहमी हितावहच असतो असे नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे.

८. 'फायनल फँटसी ७' (१९९७). हिरोनोबु साकागुची यांनी १९८७ मध्ये आरंभिलेल्या मालिकेचा हा सातवा भाग. कथेचा पसारा मावावा म्हणून 'स्क्वेअर' कंपनीने निन्टेन्डोची साथ सोडून सोनीच्या प्लेस्टेशनसाठी तीन सीडींवर हा खेळ काढला. खेळाडूने तासन् तास सोबत वागविलेली एरिथ ही नायिका कथेच्या मध्यावर मारली जाते आणि कोणत्याही युक्तीने तिला परत आणता येत नाही. खेळ पाहून डोळ्यांत पाणी येऊ शकते, हे अनेकांनी प्रथम येथे अनुभवले. जपानी आरपीजीला पाश्चात्त्य देशांत मोठा खेळाडूवर्ग मिळाला तोही याच खेळामुळे.

९. 'बाल्डर्स गेट' (१९९८). कॅनडातील एडमंटनच्या 'बायोवेअर' कंपनीचे संस्थापक रे मुझिका आणि ग्रेग झेशुक हे पेशाने डॉक्टर. एका वर्षापूर्वी आलेल्या 'फॉलआउट'ने अमेरिकी आरपीजीला नवी उभारी दिलीच होती. 'बाल्डर्स गेट'ने तिला स्थैर्य दिले. यातील सोबती नुसते लढवय्ये नाहीत. त्यांना स्वतःची मते आहेत, ते आपसांत भांडतात आणि नायकाचे वागणे पटले नाही तर सोडूनही जातात. 'मास इफेक्ट'पासून बेल्जियमच्या 'लॅरियन'ने २०२३ मध्ये काढलेल्या 'बाल्डर्स गेट ३' पर्यंत ही परंपरा अखंड आहे.

१०. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (२००४). हजारो खेळाडूंनी एकाच वेळी वावरायच्या जगाची कल्पना नवी नव्हती. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये 'मड' या शब्दरूप खेळाने ती आणली होती. १९९७ चा 'अल्टिमा ऑनलाइन' आणि १९९९ चा 'एव्हरक्वेस्ट' यांनी तिला चित्ररूप दिले. 'वॉरक्राफ्ट'ने ती सर्वसामान्यांना सोपी केली. २०१० मध्ये त्याचे सशुल्क सभासद १ कोटी २० लाखांवर पोहोचले. २००५ मध्ये एका चुकीमुळे या जगात 'करप्टेड ब्लड' नावाची आभासी साथ पसरली. भीतीपोटी पळणारे, मदतीला धावणारे आणि मुद्दाम रोग फैलावणारे खेळाडू पाहून साथरोगतज्ज्ञांनी त्यावर संशोधन-निबंध लिहिले. कोविडच्या काळात त्या प्रसंगाची पुन्हा आठवण काढली गेली.

११. 'डार्क सोल्स' (२०११). खेळाडूला दुखवायचे नाही, वाट चुकू द्यायची नाही, हा तोवरचा शिरस्ता होता. हिदेताका मियाझाकी यांनी तो मोडला. येथे पदोपदी मरण येते, कथा कोणी सांगत नाही, ती भिंतींवरून आणि वस्तूंच्या वर्णनांतून जुळवावी लागते. मात्र अनोळखी खेळाडूंनी जमिनीवर लिहून ठेवलेले इशारे वाचता येतात. एकाकीपणातही कोणीतरी पुढे गेल्याची खूण मिळते. 'सोल्सलाइक' हा शब्द त्यानंतर रूढ झाला. २०२२ चा 'एल्डन रिंग' हे त्याच हाताचे पुढील काम.

१२. 'द विचर ३' (२०१५). पोलंडचे लेखक आंद्रेई सापकोव्स्की यांच्या पोलिश कथांवर आधारलेली ही मालिका वॉर्साच्या 'सीडी प्रोजेक्ट रेड'ने काढली. दुय्यम वाटणाऱ्या गावगाड्यातील कामांनाही मुख्य कथेइतकाच दर्जा देण्याची शिस्त तिने घालून दिली. २०११ मध्ये पोलंडचे तत्कालीन पंतप्रधान डोनाल्ड टस्क यांनी अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांना दिलेल्या भेटवस्तूंत या मालिकेचा दुसरा भाग होता. इंग्रजीत न लिहिणाऱ्या देशाची लोककथा जगाच्या केंद्रस्थानी येऊ शकते, हे या खेळाने सिद्ध केले.

वगळलेले आणि वगळले गेलेले

'स्कायरिम' (२०११) यादीत नाही, याचे अनेकांना आश्चर्य वाटेल. मुक्त संचाराचे त्याचे जग अपूर्व लोकप्रिय ठरले. पण त्यामागची मुख्य कल्पना त्याच मालिकेच्या आधीच्या खेळांत रुजली होती आणि त्यांच्यापैकी कोणता एक निवडावा याचा निर्णय वादातीत होत नाही. 'अंडरटेल' (२०१५) आणि एस्टोनियन कादंबरीकाराच्या लेखणीतून उतरलेला 'डिस्को एलिझियम' (२०१९) हे गुणवत्तेने थोर असले, तरी त्यांच्या वारसांची रांग अद्याप लहान आहे. चीनचा 'गेन्शिन इम्पॅक्ट' (२०२०) आणि 'बाल्डर्स गेट ३' यांना दशकाची कसोटी अजून लागायची आहे.

वगळलेल्यांपेक्षा वगळले गेलेल्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. इंग्रजीत तयार होणाऱ्या याद्या बहुधा अमेरिका आणि जपान यांच्यापलीकडे पाहत नाहीत. तैवानमध्ये १९९५ साली आलेला 'सोर्ड अँड फेअरी' हा चिनी भाषक जगात एका पिढीच्या भावविश्वाचा भाग आहे. त्यावर दूरचित्रवाणी मालिकाही झाली. दक्षिण कोरियाच्या 'लिनिएज' (१९९८) या खेळाने तेथील इंटरनेट कॅफेंची संस्कृती घडविण्यास हातभार लावला. वरील बारांच्या यादीतही ते नाहीत, ही या यादीची मर्यादाच मानली पाहिजे. यादी करणारा ज्या भाषेत वाचतो, त्या भाषेबाहेरचा प्रभाव त्याला दिसत नाही.

आपल्यासाठी हा मुद्दा केवळ तात्त्विक नाही. सारीपाट अथवा पचिसी भारतातून युरोप-अमेरिकेत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'पार्चिसी' आणि 'ल्यूडो' या नावांनी तिचे व्यापारी अवतार निघाले. मोक्षपटाच्या कुळातील पटांतून सद्गुण-दुर्गुण हळूहळू गळून गेले आणि सापशिडी तेवढी उरली. आज ल्यूडो मोबाइलवर परत आला आहे. पण तो परदेशी खेळ आहे असेच पुष्कळ मुलांना वाटते. नोंद ठेवली नाही की वारसा राहतो, मालकी मात्र विसरली जाते. 'पीइडिट५' पुसला गेला तरी इतिहासात राहिला, कारण त्याच्या खेळाडूंनी त्याची आठवण लिहून ठेवली.

महाराष्ट्र कोठे आहे?

बारांच्या यादीत भारतीय खेळ नाही, आणि प्रामाणिकपणे पाहता तो असू शकत नाही. तथापि हालचाल सुरू झाली आहे, आणि तिचे एक केंद्र पुणे आहे. तेथील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या लहानशा कंपनीने २०२० मध्ये 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ काढला. दानवांनी पळवून नेलेल्या आपल्या भावाला, गोलूला, सोडविण्यासाठी निघालेली राजी ही मुलगी त्याची नायिका. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून कथा उलगडते. काटेकोरपणे पाहता हे आरपीजी नव्हे, साहसी मारधाडीचा खेळ आहे; परंतु भारतीय पुराणकथा जगाच्या बाजारात उतरविता येते, हे त्याने दाखविले. २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील उत्कृष्ट स्वतंत्र खेळासाठी त्याला नामांकन मिळाले.

त्याची वाट सोपी नव्हती. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याची किकस्टार्टर मोहीम उद्दिष्टापर्यंत पोहोचली नाही. पुढे प्रकाशकाचे पाठबळ मिळाले तेव्हा काम तडीस गेले. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण या उद्योगाला तंतोतंत लागू पडते. आरपीजी हा तर सर्वांत खर्चिक प्रकार. 'प्लेनस्केप: टॉरमेंट' (१९९९) मध्ये सुमारे ८ लाख शब्द असल्याचे सांगितले जाते, तर 'डिस्को एलिझियम'चा मजकूर १० लाख शब्दांहून अधिक आहे. एवढे लेखन करणारे लेखक, ते तपासणारे संपादक आणि वर्षानुवर्षे धीर धरणारा गुंतवणूकदार, तिघेही लागतात.

दुसरा अडसर भाषेचा. वर दिलेल्या बारांपैकी एकही खेळ अधिकृतपणे मराठीत उपलब्ध झालेला नाही. 'पोकेमॉन गो'मध्ये २०२३ साली हिंदीची सोय झाली, मराठीची नाही. नेमबाजीचा खेळ भाषेवाचून खेळता येतो. आरपीजी मात्र वाचावेच लागते. कोण खरे बोलतो, कोण फसवितो, कोणाला वाचवावे, हे शब्दांतूनच ठरते. शहापूर-मुरबाडच्या मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या हाती मोबाइल आला, इंटरनेट आले. परंतु या प्रकाराचे दार त्याच्यासाठी इंग्रजीच्या कुलपाआड आहे. त्याच्या वाट्याला लेव्हल आणि एक्सपी येतात, नशिबाच्या पेट्या येतात. 'अल्टिमा'तील अंध बाई आणि 'बाल्डर्स गेट'मधील रुसणारे सोबती येत नाहीत. प्रभावाचा चोथा पोहोचतो, रस वाटेतच राहतो.

पोलंडने आपल्या लेखकाच्या कथा घेतल्या. चीनने २०२४ च्या 'ब्लॅक मिथ: वुकाँग'साठी 'जर्नी टू द वेस्ट' या अभिजात कादंबरीचा आधार घेतला. महाराष्ट्राकडे सामग्रीची वाण नाही. संहितेविना रात्र जागविणारे दशावतारी नट आहेत, पिढ्यान् पिढ्या एकच सोंग सांभाळणारी बोहाड्याची घराणी आहेत, पावलोपावली पाप-पुण्याचा हिशेब मांडणारा मोक्षपट आहे. यांतून एखादा खेळ उभा राहिला, तर तो मराठीत लिहिला जावा. भाषांतर इंग्रजीत नंतर होऊ शकते. 'विचर'च्या कथाही मुळात पोलिशमध्येच लिहिल्या गेल्या होत्या.

पुढील दशकात अशी यादी पुन्हा करावी लागेल, तेव्हा कसोट्या याच राहतील. वंशावळ, सीमोल्लंघन, टिकाऊपणा आणि माणसे. त्या वेळी कसारा लोकलमधील एखादे पोर मोबाइलवर आपल्याच भाषेत सोंग वठवीत असेल, तर यादीत एका जागेसाठी दावा सांगता येईल.